डोंगरधारेवरील फेरवाट

जंगलातून डोंगराच्या धारेवर चढणारी आणि दुसऱ्या बाजूने उतरून पुन्हा निघाल्या जागी आणून सोडणारी पाऊलवाट. त्याच वाटेने परतायचे नसल्यामुळे एका फेरीत डोंगराचे दोन्ही उतार पाहायला मिळतात, आणि ते क्वचितच सारखे असतात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारावर ऊन कमी पडते. तिथे ओल टिकते, दगडांवर शेवाळ असते, झाडी दाट असते. धार ओलांडून दक्षिणेला उतरू लागले की तेच जंगल विरळ होते आणि पायाखालचा पाचोळा कुरकुरीत वाजतो. दक्षिण गोलार्धात हे उलटे.

ऋतूही डोंगरावर एकदम येत नाही. दर १,००० मीटर चढाला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरते. त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशात वसंताची पालवी पायथ्याकडून वर चढते, तर पानगळ माथ्यावरून खाली येते. हरितद्रव्य विघटित झाले की पानात आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. लाल रंग मात्र बहुधा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. रंगांसाठी गर्दी शरद ऋतूत होते, पण दूरवरचे पाहायचे असेल तर झाडे निष्पर्ण झाल्यावर जावे. भर पानांच्या दिवसांत धारेवरूनही कित्येकदा फांद्यांपलीकडे काही दिसत नाही.

धारेवर पडलेले पाणी दोन्हीकडे वाहून जाते, म्हणून वर झरा सहसा नसतो. पाणी खालूनच भरून न्यावे लागते. वाट चुकते ती बहुतेक उतरताना. चढताना सोंडा, म्हणजे धारेवरून खाली उतरणारे डोंगराचे फाटे, एकमेकींना मिळत जातात, उतरताना त्याच फुटत जातात, आणि धुक्यात चुकीची सोंडही बरोबरच वाटते. नकाशावर समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा, फुगवटा उताराकडे असेल तर ती सोंड, चढाकडे असेल तर घळ.

उभ्या बाजूने चढून सौम्य बाजूने उतरणे गुडघ्यांना सोसते. घसाऱ्यावरून, म्हणजे सुट्या दगडमातीच्या घसरड्या उतारावरून, उतरण्यापेक्षा तो चढणे बरे.

वेळेच्या अंदाजासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा ठोकताळा अजून वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किलोमीटर आणि ६०० मीटर चढाच्या फेरीला ३ तास २४ मिनिटे. यात विसावा धरलेला नाही, आणि फोटो काढणारे सोबतीही.