कोपनहेगन: पटकीच्या एका उन्हाळ्याने मागे ठेवलेल्या जागा

कोपनहेगनला गेलेली बहुतेक मंडळी जलपरीचा पुतळा, न्युहाउनची रंगीत घरं आणि टिव्होली बाग पाहून परततात. सोंडरमार्केन बागेच्या हिरवळीखाली दडलेलं पाण्याचं जुनं टाकं किंवा ऑस्टरब्रो भागातली ब्रुमलेबी ही जुनी वसाहत त्यांच्या वाटेत सहसा येत नाही. दोन्ही जागा एकमेकींपासून लांब, दिसायलाही अगदी वेगळ्या. पण दोन्हींच्या मागे १८५३ चा उन्हाळा आहे.

तेव्हाचं कोपनहेगन तटबंदीत कोंडलेलं होतं. तोफांचा मारा मोकळा राहावा म्हणून तटाबाहेर पक्की घरं बांधायला लष्कराची मनाई होती. ती १८५२ मध्ये सैल झाली, पण तोवर लाखाहून जास्त माणसं आत दाटीने राहत होती. गटारं उघडी. पिण्याचं पाणी तळ्यांतून येई, तेही पोखरलेल्या लाकडी ओंडक्यांच्या नळांतून. जूनमध्ये कॉलरा शिरला, आपल्याकडचे जुने लोक ज्याला पटकी म्हणत तोच. थंडी पडायच्या आत सुमारे ४,७०० माणसं दगावली.

रोग पाण्यातून पसरतो हे तेव्हा वैद्यकाने मानलेलं नव्हतं; बराचसा दोष दूषित हवेला दिला जाई. तरीही गरिबांच्या कोंदट खोल्यांत मृत्यू जास्त, हे डॉक्टरांना डोळ्यांनी दिसत होतं. त्यांनी लोकांना तटाबाहेर मोकळ्या माळावर तंबूंत हलवलं. साथ ओसरल्यावरही ते थांबले नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. डॉक्टरांच्या संघटनेने वर्गणी जमवून कामगारांसाठी घरं उभारायला घेतली. आराखडा मिखाएल गोटलीब बिन्डेसबॉल यांचा, थोरवाल्डसन संग्रहालय बांधणाऱ्या वास्तुविशारदाचा. दोन रांगांमध्ये भरपूर अंतर, मध्ये झाडं, प्रत्येक खिडकीला उजेड. घरं लहान होती, पण हवा कमी नव्हती. पुढे १८६६ ते १८७२ मध्ये विल्हेल्म क्लाइन यांनी वसाहत वाढवली. तीच ब्रुमलेबी.

हीच कल्पना पुढे आणखी एका डॉक्टरने, फ्रेडरिक फर्डिनांड उलरिक यांनी, कामगारांपर्यंत नेली. १८६५ मध्ये ‘बुरमायस्टर आणि वाइन’ या जहाजबांधणीच्या कारखान्यातल्या कामगारांनी गृहबांधणी संस्था काढली, आणि तिच्यातून ‘कार्टोफेलरेकर्ने’, म्हणजे ‘बटाट्याच्या ओळी’, ही विटांच्या घरांची वसाहत उभी राहिली. आज ती शहरातल्या सर्वांत महागड्या घरांत गणली जाते. कामगारांसाठी बांधलेलं घर कामगाराच्या आवाक्याबाहेर जावं, याची हळहळ वाटते.

पाण्याची गोष्ट वेगळी. नव्या पाणीपुरवठ्याची चर्चा साथीच्या आधीपासून रेंगाळत होती. साथीनंतर मात्र टाळाटाळ संपली. १८५९ मध्ये नवं जलकेंद्र सुरू झालं आणि त्याचा साठा म्हणून फ्रेडरिक्सबर्ग राजवाड्यासमोरच्या उंचवट्यावर, सोंडरमार्केन बागेत, हे टाकं खोदलं गेलं. उंचीमुळे पाणी आपल्याच दाबाने शहरात उतरे. क्षमता सुमारे १.६ कोटी लिटर. आधी ते उघडंच होतं, मध्ये कारंजं. १८९० च्या सुमारास त्यावर छत घालून वर हिरवळ केली. १९३३ मध्ये त्यातून पाणीपुरवठा बंद झाला, १९८१ मध्ये ते रिकामं केलं गेलं. १९९६ मध्ये कोपनहेगन युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली, तेव्हा लोकांनी इथे पहिल्यांदा कलाप्रदर्शन पाहिलं.

आता हिरवळीवरच्या काचेच्या छोट्या पिरॅमिडमधून खाली उतरायचं. उन्हाळ्यातही अंगावर काहीतरी जाड हवं. आत खांबांच्या रांगा, छतातून ठिबकणारं पाणी, चुन्याचे लोंबते सुळे, आणि एक टाळी वाजवली तर तिचा नाद कितीतरी सेकंद घुमत राहतो. दर वर्षी एखादा कलावंत या अंधाराला धरूनच काम मांडतो. जमिनीवर मधूनमधून अजूनही पाणी साचलेलं असतं, खांबांचं प्रतिबिंब पडण्याइतकं स्थिर.