शिप की शीप? जोडीशब्दांच्या सरावामागचा इतिहास

शिप-शीप, फिल-फील असे एकाच आवाजाचा फरक असलेले शब्द जोडीने ऐकवून इंग्लिश शिकवतात, पण ही कल्पना कुठली म्हणून मागे गेलं तर संस्कृत व्याकरणकार पतंजलीसुद्धा भेटतो. त्याच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात कूप, सूप, यूप शेजारीशेजारी ठेवलेत, पहिला वर्ण बदलला की विहिरीचं वरण होतं आणि वरणाचा यज्ञातला खांब. आजच्या क्लासपर्यंत तिथून सरळ धागा येत नाही, पण तत्त्व तेच आणि मला ते फार आवडतं.

शिकवण्यात ही पद्धत रुजली ती अमेरिकेत. 1941 मध्ये मिशिगन विद्यापीठात चार्ल्स फ्राइज यांनी इंग्लिश शिकवायची संस्था उभी केली, तिथलेच रॉबर्ट लाडो. त्यांनी 1957 च्या पुस्तकात नीट मांडलं की आधी विद्यार्थ्याची भाषा आणि इंग्लिश शेजारी ठेवून बघा, कान कुठे फसणार ते कळेल, मग तेवढ्याच जोड्यांवर मेहनत घ्या. पुढे लँग्वेज लॅब आल्या, हेडफोन, टेप, ऐका आणि म्हणा, आणि माझ्या मते इथेच गडबड झाली, कारण म्हणणं उरलं आणि ऐकणं मागे पडलं. 1977 मध्ये अ‍ॅन बेकर यांचं 'शिप ऑर शीप' हे अशाच जोड्यांच्या सरावाचं पुस्तक आलं, ते अजून वापरात आहे.

ऐकणं वेगळं शिकवावं लागतं हे जपानमुळे ठसलं. 1971 मध्ये गोटो या संशोधकाला दिसलं की काही जपानी लोक र आणि ल बरोबर उच्चारतात पण ऐकताना त्यांना फरक कळत नाही! मग 1991 मध्ये इंडियाना विद्यापीठातल्या पिसोनी आणि सहकाऱ्यांनी त्याच र-ल च्या जोड्या एका नाही तर वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात 3 आठवडे ऐकवल्या, बरोबर की चूक ते लगेच सांगत गेले, आणि ओळख सुधारली, नवीन शब्दांतही. एकाच मॅडमच्या आवाजात घोकून हे होत नाही.

आपल्याकडे मात्र बऱ्याचदा जोड्यांच्या तयार याद्याच चालवतात. र-ल चा आपल्याला काही त्रास नाही, वेल आणि वेळ सुद्धा आपण सहज ओळखतो. आपली अडचण दुसरीकडे आहे, क्रिकेटची टेस्ट आणि भाजीची टेस्ट आपण सारखीच म्हणतो, मिरीचा पेपर आणि परीक्षेचा पेपरही, आणि इ-ई चं तर लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळलं तरी बोलताना दिन आणि दीन एकच. मराठी मुलांसाठी यादी करायची तर ती इथून सुरू करा, आणि चार-पाच वेगवेगळ्या लोकांकडून रेकॉर्ड करून घ्या.