हौशी फुटबॉलमधील हिंसाप्रतिबंध आणि सुरक्षा प्रशिक्षण

पोटापाण्यासाठी नव्हे तर आवडीखातर खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये खेळाडू, पंच, प्रशिक्षक आणि प्रेक्षक यांच्यात शिवीगाळ, धमक्या किंवा मारहाण होऊ नये, झालीच तर ती चिघळू नये आणि कोणाच्या जिवावर बेतू नये, यासाठी केलेले नियम आणि दिलेले प्रशिक्षण. मुलांचे सामने, कामगारांच्या आणि प्रौढांच्या लीग, चाळिशीपुढच्या खेळाडूंचे संघ असे सगळे या विषयात येतात.

व्यावसायिक सामन्यात पंचाभोवती कॅमेरे, कुंपण, सुरक्षारक्षक, डॉक्टर आणि आणखी तीन-चार अधिकारी असतात. हौशी मैदानावर तो बहुधा एकटा असतो. कधी तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा असतो, कधी आठवडाभर नोकरी करून सुट्टीचा दिवस मैदानाला देणारा गृहस्थ. रेषेवर झेंडा घेऊन उभा असलेला रेषापंच पुष्कळदा एखाद्या खेळाडूचा पालकच असतो. कपडे बदलायला खोली असेलच असे नाही. शेवटची शिट्टी वाजल्यावर ज्यांच्याविरुद्ध निर्णय दिले त्यांच्याच घोळक्यातून पंचाला गाडीपर्यंत चालत जावे लागते. म्हणून व्यावसायिक स्टेडियममधली बंदोबस्ताची पद्धत इथे उपयोगी पडत नाही. बंदोबस्ताला माणसेच नसल्यामुळे जे काही करायचे ते हजर असलेल्यांनीच करायचे असते, आणि ते त्यांना आधी शिकवलेले असावे लागते.

या विषयाकडे जगाचे लक्ष गेले ते नेदरलँड्समधील एका मृत्यूमुळे. २ डिसेंबर २०१२ रोजी अल्मेर शहरात मुलांचा एक सामना संपल्यावर पाहुण्या संघातल्या काही खेळाडूंनी आणि एका खेळाडूच्या वडिलांनी ४१ वर्षांच्या स्वयंसेवक रेषापंचाला लाथाबुक्क्यांनी मारले. त्याचा स्वतःचा मुलगा यजमान संघात खेळत होता. मार खाऊन तो उठला, घरी गेला, थोड्या वेळाने दुसरा सामना बघायला परत मैदानावर आला आणि तिथेच कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. डच फुटबॉल महासंघाने पुढच्या शनिवार-रविवारचे सगळे हौशी सामने, सुमारे ३३,०००, रद्द केले. जून २०१३ मध्ये न्यायालयाने सहा अल्पवयीन खेळाडूंना आणि त्या वडिलांना दोषी ठरवले. वडिलांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

अमेरिकेतल्या दोन घटना पंचांच्या प्रशिक्षणाच्या दृष्टीने तितक्याच बोलक्या आहेत. एप्रिल २०१३ मध्ये युटा राज्यात पंच पिवळे कार्ड दाखवून वहीत नोंद करत असताना १७ वर्षांच्या खेळाडूने त्याच्या डोक्यावर एकच ठोसा मारला. आठवडाभराने पंच दगावला. जून २०१४ मध्ये मिशिगनमधल्या लिव्होनिया येथे प्रौढांच्या सामन्यात पंच एका खेळाडूला बाहेर काढण्याच्या बेतात असताना त्याच्या मानेवर ठोसा बसला आणि दोन दिवसांनी तोही गेला. दोन्ही ठिकाणी वार एकच होता, आणि दोन्ही वेळा तो शिक्षेच्या त्या क्षणी झाला, जेव्हा पंचाचे अर्धे लक्ष वहीकडे किंवा खिशाकडे असते.

म्हणूनच कार्ड कसे दाखवायचे, हा पंचांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा गाभा मानला पाहिजे. पिवळे आणि लाल कार्ड १९७० च्या विश्वचषकापासून वापरात आले, पण ते दाखवताना कुठे उभे राहायचे हे पुष्कळ पंच अजूनही अनुभवाने, म्हणजे चुकतमाकतच शिकतात. शिकवायचे ते असे : शिट्टी जोरात फुंकायची, पण खेळाडूच्या अंगावर धावून जायचे नाही. त्याला मोकळ्या जागेत बोलवायचे, म्हणजे भोवती कोंडाळे होत नाही. दोघांत हाताच्या टप्प्याहून जास्त अंतर ठेवायचे. कार्ड त्याच्या नाकासमोर नाचवायचे नाही, त्याला हात लावायचा नाही, बोट रोखायचे नाही. वही छातीच्या उंचीवर धरायची आणि लिहिताना दर शब्दाला नजर वर उचलायची. खेळाडू पुढे सरकला तर आपण मागे सरकायचे. यात कमीपणा काही नाही, आणि हे वाक्य नव्या पंचांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण मागे सरकणे म्हणजे घाबरणे असा समज मैदानावर पक्का आहे. या सगळ्याचा सराव दोघा-दोघांनी समोरासमोर उभे राहून, एकाने खरोखर आरडाओरडा करून घ्यायचा असतो. नुसते वाचून ते अंगात मुरत नाही.

नियमांच्या बाजूने झालेले बदल बहुतेक एकाच समजुतीवर उभे आहेत : राग शमायला वेळ आणि अंतर लागते. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम सुरू केली. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे आणि पालकांनी दोरीमागे उभे राहायचे, हे तिचे दोन ठळक नियम. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१७ मध्ये तळागाळातल्या आणि कुमार सामन्यांत खेळाडूला तात्पुरते बाहेर बसवण्याची मुभा दिली. इंग्लंडमध्ये ३१ लीगमध्ये हा प्रयोग झाला, तेव्हा पंचाशी हुज्जत घालण्याचे प्रकार ३८ टक्क्यांनी घटले. २०१९-२० च्या हंगामापासून तिथल्या तळाच्या स्तरांवर हुज्जत घालणाऱ्याला नव्वद मिनिटांच्या सामन्यात दहा मिनिटे बाहेर बसावे लागते. ही शिक्षा दंडापेक्षा परिणामकारक ठरते, कारण तिचा भुर्दंड त्याच सामन्यात, आपल्याच दहा सहकाऱ्यांच्या नजरेसमोर भरावा लागतो. २०१९ पासून प्रशिक्षकांनाही कार्ड दाखवता येते.

जर्मनीने याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथे २०२१-२२ च्या हंगामात हिंसा किंवा भेदभावाच्या प्रकारांमुळे ९११ हौशी सामने अर्ध्यावर थांबवावे लागले. पुढच्या हंगामात हा आकडा ९६१ झाला. एकूण सामन्यांच्या मानाने तो लहान आहे. पण प्रत्येक आकड्यामागे एक बिथरलेले मैदान असते. मे २०२३ मध्ये फ्रँकफर्टमधील एका स्पर्धेत कुमार संघांच्या मारामारीत बर्लिनचा १५ वर्षांचा खेळाडू गेला. २०२४-२५ पासून जर्मन महासंघाने हौशी सामन्यांत ‘स्टॉप’ पद्धत लागू केली. वातावरण तापले की पंच खेळ थांबवतो, दोन्ही संघ आपापल्या पेनल्टी क्षेत्रात जातात आणि मधल्या वर्तुळात पंच दोन्ही कर्णधार व प्रशिक्षकांशी बोलतो. अशी विश्रांती सामन्यात दोनदा देता येते. तिसऱ्यांदा वेळ आली तर सामना रद्द. यामुळे पंचाच्या हाती कार्ड दाखवणे आणि सामना रद्द करणे यांच्यामधली एक पायरी आली. पूर्वी ती नव्हती.

मुलांच्या सामन्यांत कळ बहुधा मैदानाबाहेरून लागते. दहा वर्षांच्या मुलाला पंचाचा निर्णय चुकला असे वाटते आणि तो दोन सेकंदांत विसरतो. रेषेवर उभे असलेले त्याचे वडील मात्र विसरत नाहीत. जर्मनीत राल्फ क्लोर या प्रशिक्षकाने मांडलेल्या ‘फेअर प्ले लीग’मध्ये पालक मैदानापासून सुमारे १५ मीटर लांब उभे राहतात, दोन्ही प्रशिक्षक एकाच जागेतून सूचना देतात आणि पंच नसतोच. फाऊल झाला की नाही, चेंडू बाहेर गेला की नाही, हे मुले आपापसात ठरवतात. प्रशिक्षकांना शेजारी उभे करणे ही यातली सर्वांत शहाणी गोष्ट. खांद्याला खांदा लागला की समोरच्याला ‘त्यांचा कोच’ म्हणून शिव्या देणे जड जाते.

प्रशिक्षकाने शिकायचे ते मुख्यतः ओळखणे. जो खेळाडू चेंडू सोडून माणसाकडे बघू लागला, फाऊलनंतर उठताना दुसऱ्याचा नंबर लक्षात ठेवू लागला, ज्याच्या मुठी वळल्या, त्याला कार्ड मिळण्याची वाट न बघता बदलून बाकावर आणायचे. हाणामारी सुरू झाली तर बाकावरच्या राखीव खेळाडूंनी जागचे हलू नये, हा नियम हंगाम सुरू होण्याआधीच सांगून ठेवायचा असतो. दोघांची मारामारी वीस जणांची होते ती ‘सोडवायला’ धावलेल्यांमुळेच. पंचाने त्या वेळी मध्ये पडायचे नाही, थोडे लांब उभे राहून कोण काय करतो आहे ते नंबरासह टिपायचे.

वैद्यकीय बाजू बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहते. अल्मेरचा रेषापंच उठून घरी गेला होता, हे त्या घटनेतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे. डोक्याला किंवा मानेला मार लागलेला माणूस उठून बसतो, ‘मी ठीक आहे’ म्हणतो, पाणी मागतो, आणि मानेतली रक्तवाहिनी फाटलेली असली तर काही तासांनी कोसळतो. म्हणून डोक्या-मानेवर मार बसलेल्या कोणालाही त्या दिवशी एकटे घरी पाठवू नये, गाडी चालवू देऊ नये आणि पुन्हा मैदानात उतरवू नये. डोकेदुखी, मानदुखी, उलटी, चक्कर, बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही दिसले तर थेट रुग्णालय. जवळचे रुग्णालय कोणते, मैदानाचे कोणते फाटक रुग्णवाहिकेसाठी उघडे ठेवायचे आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे सामन्याआधी ठरलेले असावे.

घटनेनंतरचा अहवाल त्याच रात्री, जमतील तितक्या नेमक्या शब्दांत लिहायचा असतो. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ एवढ्यावर शिस्तपालन समिती काही करू शकत नाही. नेमकी शिवी, मिनिट, नंबर आणि अंतर लिहावे लागते. इंग्लंडमध्ये २०२३ पासून काही भागांत हौशी पंचांनी छातीवर कॅमेरे लावून पाहिले. त्यामुळे पुराव्याचा प्रश्न थोडा हलका होतो, पण समितीपुढे शब्द अजूनही पंचालाच मांडावे लागतात. काही ठिकाणी १८ वर्षांखालचे पंच दंडाला वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात, म्हणजे आपण लहान मुलावर ओरडतो आहोत हे मोठ्यांना दिसावे. मार खाल्लेला किंवा धमकावला गेलेला असा तरुण पंच पुष्कळदा काही न बोलता शिट्टी खाली ठेवतो. त्यामुळे त्याचा पुढचा सामना कोणता, हे संघटनेने स्वतः फोन करून त्याच्याशी ठरवायचे असते. तो सामना लहान मुलांचा असावा, आणि एक जुना पंच पूर्ण वेळ रेषेवर त्याला दिसेल असा उभा असावा.