आईबापांचे डोळे चांगले, तरी पिल्लाला काचबिंदू

"आईबाप दोघंही अस्सल, डोळे स्वच्छ, मग पिल्लाला काचबिंदू कुठून होणार?" कुत्र्याचं पिल्लू घेताना हे हमखास ऐकू येतं. काचबिंदू म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकणारा आजार. ही समजूत चुकीची आहे आणि ती कुत्र्यांच्या नजरेवर बेतते.

बीगलचंच बघा. या जातीतल्या एका काचबिंदूमागे एडीएएमटीएस-१० या जनुकातला दोष असल्याचं २०११ मध्ये समोर आलं. आजार व्हायला दोषाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून, एक बापाकडून. एकच प्रत असलेला कुत्रा आयुष्यभर नीट बघतो, पण दोष पुढे देऊ शकतो. असे दोन वाहक जुळले, की प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता २५ टक्के. वंशावळीच्या कागदावर यातलं काहीच दिसत नाही; उलट जवळच्या नात्यातल्या जोड्यांमुळे हा धोका वाढतो.

या दोषासाठी डीएनए चाचणी आहे. ती प्रजननाआधी करा. मात्र तिने सगळेच काचबिंदू कळत नाहीत.

आणि डोळा लाल, बुबुळ धुरकट, बाहुली मोठी दिसली, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. डोळ्यातला दाब एकदम वाढला, तर एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते.