बेपत्ता बालके व अनुत्तरित तपास (कोल्हापूर)

अठरा वर्षांखालील मूल घर, शाळा, यात्रा वा प्रवासातून नाहीसे होऊन त्याचा ठावठिकाणा लागत नाही, अशी प्रकरणे. नाहीशी झालेली बहुतेक मुले काही तासांत वा दिवसांत परततात. ही नोंद उरलेल्यांविषयी आहे. कोल्हापुरात अंबाबाईचे नवरात्र, वाडी रत्नागिरीवरील जोतिबाची चैत्र यात्रा, मध्यवर्ती बसस्थानक आणि मिरजमार्गे जाणारी रेल्वे यांमुळे परगावच्या माणसांची गर्दी नेहमीचीच. पुणे–बंगळूर महामार्गाने कागल ओलांडले की कर्नाटक लागते आणि तपासाची यंत्रणा बदलते.

बेपत्ता मुलाची तक्रार गुन्हा म्हणून केव्हापासून नोंदवली जाऊ लागली, याबद्दल एकमत नाही. पूर्वी पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ची नोंद होई, गुन्हा दाखल होईलच असे नसे. काही अभ्यासक सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 मधील होरीलाल प्रकरणात बेपत्ता मुलांच्या शोधाबाबत दिलेल्या निर्देशांपासून आरंभ धरतात. काही जण निठारी (नोएडा) येथील बालहत्यांच्या प्रकरणानंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 2007 मध्ये नेमलेल्या समितीला महत्त्व देतात. मात्र मूल बेपत्ता होताच अपहरण वा मानवी व्यापार झाला असे गृहीत धरून प्राथमिक माहिती अहवाल नोंदवावा, हे स्पष्ट बंधन बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाकडून 10 मे 2013 रोजी घातले गेले. त्यामुळे आरंभ तेथून मानणे अधिक सयुक्तिक वाटते. भारतीय दंड संहितेच्या कलम 361 मध्ये मुलग्यासाठी 16 व मुलीसाठी 18 वर्षे अशी वेगळी मर्यादा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 ने ती दोघांसाठी 18 केली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलग्यांच्या तक्रारी याआधी कायद्याच्या कडेलाच राहत, म्हणून हा बदल मोलाचा आहे.

कोल्हापूरच्या स्मृतीत हा विषय गावित खटल्याशी जोडलेला आहे. अंजनाबाई गावित व तिच्या मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांच्यावर 1990 ते 1996 या काळात 13 मुलांचे अपहरण व त्यांतील नऊ मुलांचे खून केल्याचा आरोप होता. गर्दीत चोरी करताना संशय येऊ नये, पकडले गेल्यास लोकांचे लक्ष वळवता यावे, यासाठी मुले वापरली जात. पहिले अपहरण कोल्हापुरातले; मूल एका भिकारी स्त्रीचे होते. उलगडा झाला तो अनेक वर्षांनी, अंजनाबाईच्या पूर्वीच्या पतीच्या कुटुंबाने संशय व्यक्त केल्यानंतर. ज्यांना संशय घ्यायला ओळखीचे कोणी नव्हते आणि ठाण्यात ज्यांचे ऐकणारेही कोणी नव्हते, त्यांच्या मुलांचा माग मधल्या काळात लागला नाही. या खटल्यातील सर्वांत गंभीर बाब हीच होय.

अंजनाबाई खटल्याआधीच मरण पावली. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने 2001 मध्ये दोघी बहिणींना फाशी सुनावली. 2004 मध्ये उच्च न्यायालयाने व 31 ऑगस्ट 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दयेच्या अर्जावरील विलंबामुळे 18 जानेवारी 2022 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिचे जन्मठेपेत रूपांतर केले. बळींची संख्या चाळीसच्या वर असल्याचे सांगितले जाते. न्यायालयीन अभिलेखाचा तिला आधार नाही. अर्थात न्यायालयात आले तेवढेच घडले, असेही त्यावरून म्हणता येत नाही. सिद्ध झालेले खून आरोपातील नऊपेक्षा कमी ठरल्याने सर्वच मुलांच्या बाबतीत शेवट निश्चित झालेला नाही.

तपास थांबतो तो ‘अ समरी’ने, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी अज्ञात, या शेऱ्याने. (तक्रार खोटी ठरल्यास ‘ब’, खरी-खोटी यांपैकी काहीच न ठरल्यास ‘क’.) हा अहवाल दंडाधिकाऱ्याने स्वीकारावा लागतो. फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून तो स्वीकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने भगवंत सिंह खटल्यात (1985) सांगितले आहे. आईवडिलांना हरकत घेण्याचा हक्क येथेच मिळतो. समरी मंजूर झाल्यावरही नवा पुरावा आल्यास पुढील तपास करता येतो. चार महिन्यांत मूल न सापडल्यास प्रकरण मानवी व्यापार प्रतिबंधक पथकाकडे द्यावे आणि पथकाने दर तीन महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला प्रगती कळवावी, असे 2016 चे बाल न्याय आदर्श नियम सांगतात. या अहवालाची विचारणा कुटुंबाने जरूर करावी.

शोधाचे खरे काम नोंदी जुळवण्याचे आहे. मिसिंगच्या तक्रारी, बेवारस मृतदेहांच्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी आणि बालगृहांतील प्रवेश वेगवेगळ्या ठिकाणी लिहिले जातात. मूल परराज्यात सापडले व त्याला गावाचे नाव सांगता आले नाही, तर दोन टोके जुळणे अवघड. ‘ट्रॅक चाइल्ड’ आणि 2015 पासूनचे ‘खोया-पाया’ हे संकेतस्थळ, तसेच पोलिसांची ‘ऑपरेशन मुस्कान’ ही मोहीम यांचा उद्देश हाच. मराठवाड्यातून गळीत हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या मुलांबाबत झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता नोंदवलेला प्राथमिक माहिती अहवाल, विशेष उपयोगी ठरतो. मूल फडावरून गेले तरी तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते.

बंदी प्रत्यक्षीकरणाच्या (हेबियस कॉर्पस), म्हणजे नाहीशा झालेल्या व्यक्तीला न्यायालयापुढे हजर करण्याचा आदेश मागणाऱ्या, अर्जासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झाल्याने कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग येथील कुटुंबांना हा अर्ज कोल्हापुरातच करता येतो.