सुरी बोथट का होते ते कळायला आधी विळीकडे बघावं लागतं

धार गेली की आपण सुरीला शिव्या घालतो, पण आपल्याकडे सुरी हे घरातलं मुख्य हत्यार झालं त्याला तसा फार काळ लोटलेला नाही. त्याआधी सगळा कारभार विळीवर. पाटावर पाय दाबून बसायचं, पातं जागच्या जागी आणि भाजी दोन्ही हातांनी धारेवर सरकवायची. यातली मेख बघा, विळीची धार भाजी सोडून कशालाच लागत नाही, ना लाकडाला ना दगडाला ना ताटलीला, त्यामुळे पातं साधं लोखंडी असलं तरी धार पुष्कळ दिवस टिकायची.

ही पाती बनवणारे बऱ्याच ठिकाणी घिसाडी, म्हणजे भटके लोहार. गावाबाहेर पालं टाकायची, भाता आणि ऐरण मांडायची आणि खुरपी, कोयते, विळ्या तिथंच ठोकून, पाणी देऊन (तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करून) हातात द्यायच्या. नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात लोखंडी सामान बघत फिरणारे लोक आजही असतात. पण लोखंडाला गंजाचं दुखणं. कैरी चिरून विळी तशीच ठेवली की पातं काळं पडणार, म्हणून काम झालं की धुवा, कोरडी पुसा, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवा. ही काही कुणाची शिस्त वगैरे नव्हती, गंजाची भीती होती.

ती भीती घालवली इंग्लंडातल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने. १९१३ साली तो खरं तर बंदुकीच्या नळ्या आतून झिजतात त्यावर उपाय शोधत होता, सुऱ्या त्याच्या डोक्यातही नव्हत्या. त्याने पोलादात साधारण १२.८ टक्के क्रोमियम घातलं आणि तपासताना लक्षात आलं की या तुकड्यावर ॲसिड नीट चालतच नाही, लिंबाचा रस आणि व्हिनेगरही नाही. शेफील्ड म्हणजे सुऱ्यांचंच गाव, तिथं हे लगेच डोक्यात शिरायला हवं होतं, पण सुरुवातीच्या सुऱ्या धार धरेनात म्हणून त्याची चेष्टाच जास्त झाली.

चेष्टेत थोडं तथ्य होतं आणि ते आपल्याला अजून नडतं. आपण ताटवाटीचं स्टील आणि सुरीचं स्टील एकच समजतो. भांड्यांचं चांगलं स्टील म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, ते तापवून पाणी देऊन कडक होतच नाही. सुरीच्या स्टीलमध्ये निकेल जवळपास नसतं, कार्बन लागतो, तेव्हाच ते कडक होतं. म्हणून चुंबक सुरीला चिकटतं आणि त्या ताटाला जवळपास नाही. स्वस्तातल्या पातळ सुरीत कार्बन कमी, म्हणजे गंजणार नाही पण धारही धरणार नाही.

नाशिक तर मुळात तांब्या-पितळेचं शहर, तांबटांचं, त्यामुळे स्टील इथं उशिराच घराघरात शिरलं, आणि मग फ्लॅट आले, ओटे आले, बायका उभ्याने स्वयंपाक करायला लागल्या आणि विळी ओट्याखाली गेली. उभ्याने चिरायचं तर सुरी हवी, सुरी खाली कशावर तरी आपटणार, आणि ते "कशावर तरी" म्हणजे बऱ्याच घरांत थेट ग्रॅनाइट! काचेचे बोर्ड त्याच लायकीचे. माझ्या मते सगळी गडबड इथंच झाली, गंज गेला म्हणून पुसणं सुटलं, आणि धार दगडावर आपटायला लागली ती वेगळीच.

धार जाते म्हणजे दर वेळी झिजतेच असं नाही, बरेचदा तिची कड नुसती एका बाजूला वळलेली असते. नखावर हलकेच टेकवून बघा, घसरली तर गेली. वळलेली कड स्टीलच्या दांड्यावर सरळ होते, खरंच झिजली असेल तर दगड लागतो, दोन्ही बाजूंनी १५ ते २० अंशात. हा दगड बहुधा सिलिकॉन कार्बाइडचा, जो एडवर्ड ॲचेसनने १८९१ मध्ये कृत्रिम हिरे करायच्या नादात बनवला. नसेल तर कपाच्या बुडाची खरखरीत कड चालते, आया-आज्यांना ते माहीतच होतं. सायकलवर चाक फिरवणाऱ्या धारवाल्याकडे मात्र लक्ष ठेवून उभं राहायचं, ठिणग्या उडता उडता कड निळसर पडली तर तेवढं पोलाद मऊ पडलं समजा.

सातपूर-अंबड या नाशकातल्या कारखान्यांच्या भागातल्यांचं वेगळंच. कारखान्यातल्या पॉवर हॅक्सॉच्या (लोखंड कापायच्या मशीनच्या करवतीच्या) मोडक्या ब्लेडची सुरी, मुठीला दोन रिवेट मारलेलं लाकूड नाहीतर नुसती टेप. ते हायस्पीड स्टील, ५०० अंशाच्या वर तापलं तरी कडकपणा सोडत नाही, धार जबरदस्त. क्रोमियम चारेक टक्केच, म्हणून डाग पडतात, पुसून ठेवावी लागते. आणि कपाच्या बुडाला ती दाद देत नाही, त्यामुळे धार लावायला ती डब्याच्या पिशवीतून परत कंपनीतच जाते, फर्स्ट शिफ्टला.