युक्काला पाणी कधी घालायचं (आणि कधी नाही)

पावसाळा सुरू झाला की नर्सरीत युक्काबद्दल एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. "पानं पिवळी पडतायत, शेंडा वाकलाय. पाणी तर रोज घालतो हो!" दुखणं त्या शेवटच्या वाक्यातच असतं. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा लिहून दिलेलं बरं, म्हणून हे पत्रक. ऊन, खत, कीड यांबद्दल पुढे थोडक्यात आहे, पण वेळ नसेल तर निदान पाण्याचं तेवढं वाचा.

पाणी

आपल्याकडे घरात विकला जातो तो बिनकाट्याचा युक्का. तो मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तिकडे महिनोन्‌महिने पाऊस नसतो, म्हणून हे झाड जाड खोडात पाणी साठवून ठेवतं. तुम्ही गावाला गेलात आणि दोन-तीन आठवडे पाणी मिळालं नाही, तरी मोठ्या खोडाचा युक्का सहसा मरत नाही. मरतो तो लाड झाल्यावर. सकाळी तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या युक्काच्या कुंडीत रिकामा होतो, आणि हे रोज चालतं.

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की मुळं गुदमरतात, बुरशी धरतात आणि कुजतात. फसगत होते ती इथे. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे माती चिंब असूनही पानं तहानल्यासारखी लोंबतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी घालतो. महिनाभरात खोड बुडाशी मऊ पडतं, साल सुटते, कुंडीला आंबूस वास येतो. झाड आमच्याकडे आणलं जातं ते बहुतेक या टप्प्यावर.

म्हणून वार ठरवून पाणी घालू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, किंवा अगरबत्तीची उरलेली काडी खोल खुपसून बाहेर काढा. ती ओलसर निघाली, माती चिकटली, तर त्या दिवशी पाणी नाही. कोरडी निघाली तर मात्र चमचाभर शिंपडून थांबू नका. कुंडीच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर घाला आणि खालच्या ताटलीत जमलेलं ओतून टाका. पुण्यासारख्या हवेत उन्हाळ्यात हे आठ-दहा दिवसांनी करावं लागतं, थंडीत पंधरा दिवसांनी. पावसाळ्यात कधीकधी तीन आठवडेही माती वाळत नाही. मुंबई-कोकणात त्याहून सावकाश. हे आकडे अंदाजाचेच, शेवटचा शब्द काडीचा.

दुसरा चोर म्हणजे शोभेची बिनभोकाची कुंडी. प्लास्टिकची कुंडी चिनी मातीच्या कुंडीत ठेवली की दिसते छान, पण तळाशी दोन इंच पाणी साचलेलं कोणाला दिसत नाही. शोभेची कुंडी वापराच, आम्हीही विकतो, पण आतली कुंडी बाहेर काढून पाणी घाला आणि निथळल्यावर परत ठेवा.

"तुम्ही माती कमी, वाळूच जास्त दिलीय"

ही तक्रार नेहमीची आहे. ते मिश्रण मुद्दामच तसं असतं: पोयटा माती, जाड वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडं गांडूळखत. घरी नेऊन त्यावर काळी माती भरू नका. काळी माती पाणी धरून ठेवते. शेतात तो तिचा गुण, युक्काच्या कुंडीत तोच दोष. नुसतं कोकोपीटही नको. वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं. मिश्रण संपलं तर आमच्याकडे पिशवीत तयार मिळतं. घरी करायचं असेल तर निम्मी पोयटा माती आणि निम्मी जाड वाळू हा हिशेब पुरेसा आहे.

कुजलेलं झाड आम्ही बदलून देत नाही, त्यावर काही जण नाराज होतात. देताना खोड दाबून दाखवतो, ते टणक असतं. घरी गेल्यावर किती पाणी पडलं ते आमच्या हातात नाही. मात्र झाड वेळेत आणलंत तर वाचवायचा प्रयत्न जरूर करतो. वरचं खोड टणक असेल तर कूज जिथे संपते त्याच्याही वर, आत पांढरट गर दिसेपर्यंत कापायचं. तुकडा आठवडाभर सावलीत सुकू द्यायचा, मग वाळूच्या मिश्रणात लावायचा. खालची बाजू खालीच राहील एवढं बघा. महिना-दोन महिन्यांत मुळं धरतात. घरी जमत असेल तर पैसे खर्च करू नका. कापायची भीती वाटत असेल तर घेऊन या, फक्त मिश्रण आणि कुंडीचे पैसे घेतो.

बाकीचं थोडक्यात

अगदी खालची एक-दोन पानं पिवळी होऊन वाळणं हा रोग नाही, म्हातारी पानं अशीच जातात. खोडाच्या माथ्यावरचं मेण पाहून "वरून तोडलंय का?" असं विचारतात. हो, तोडलंय. मोठ्या खोडाचे तुकडे करूनच ही रोपं तयार होतात, कापलेल्या टोकाला मेण लावतात आणि फुटवे बाजूने येतात. एका कुंडीतली तीन उंचीची तीन खोडं म्हणजे तीन वेगळी रोपं असतात, फांद्या नव्हेत.

उजेड भरपूर हवा. खिडकीपासून दोन-तीन फुटांत ठेवा. अंधाऱ्या कोपऱ्यात जगेल, पण पानं लांब आणि लुळी होतील. दिवाणखान्यातलं झाड एकदम गच्चीच्या उन्हात नेलंत तर पानांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि ते जात नाहीत. आठवडा-दोन आठवड्यांत हळूहळू ऊन वाढवा.

खत वर्षातून दोनदा मूठभर गांडूळखत, बस्स. पानांच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने पुसा आणि लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल व दोन थेंब भांड्यांचा साबण घालून संध्याकाळी फवारा.

घरात कुत्रं-मांजर असेल तर त्याला पानं चघळू देऊ नका, उलट्या होतात. फूल येईल का? कुंडीत क्वचितच. एल साल्वादोरचं हे राष्ट्रीय फूल, तिकडे त्याची भाजीही करतात, पण दिवाणखान्यात ती अपेक्षा ठेवू नका. आणि हो, एका कुंडीने खोलीतली हवा शुद्ध होते असं सांगून आम्ही झाड विकत नाही. दिसायला सुंदर आहे, कमी कामाचं आहे, तेवढ्यासाठीच न्या.

अडचण आली तर आधी पाणी बंद करा. मग दोन फोटो पाठवा, एक पूर्ण झाडाचा, एक मातीलगतच्या खोडाचा. नुसत्या पिवळ्या पानाच्या फोटोवरून आम्हाला काहीच सांगता येत नाही. कुंडी बदलायची असेल तर शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा. भर पावसाळ्यात ते काम आम्ही टाळतो.